‘मी पापी आहे’ असं पोप का म्हणाले?

२०१३ च्या ऑगस्टमध्ये आंतोनियो स्पादारो या येशूसंघीय (जेसुइट) धर्मगुरूंनी पोप फ्रान्सिस यांची दीर्घ मुलाखत घेतली. सुरुवातीलाच त्यांनी पोपना त्यांच्या मूळ नावाने प्रश्न केला : होर्हे मारियो बेर्गोलियो म्हणजे कोण? पोप जरा थांबले आणि म्हणाले, मी पापी माणूस आहे. बोलायची रीत म्हणून हे सांगत नाही, माझी सगळ्यात अचूक ओळख हीच, असंही त्यांनी पुढे सांगितलं.

पोप फ्रान्सिस एप्रिल २०२५ मध्ये गेले. त्यांच्यानंतर ८ मे २०२५ रोजी निवडून आलेले पोप लिओ चौदावे हे संत ऑगस्टीन यांच्या नावाने चालणाऱ्या संन्यासी संघातले. व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चच्या सज्जातून पहिल्यांदा बोलताना ‘मी ऑगस्टीनचा पुत्र’ अशी त्यांनी स्वतःची ओळख करून दिली. पाप आणि कृपा यांबद्दल पश्चिमेकडचं ख्रिस्ती जग गेली सोळाशे वर्षं जे बोलत आलं आहे, त्याला आकार देणारे हेच ऑगस्टीन.

ख्रिस्ती नसलेल्या माणसाला हे सगळं बुचकळ्यात टाकणारं आहे. शंभर कोटींहून अधिक कॅथोलिकांचे धर्मप्रमुख स्वतःला पापी म्हणतात. दर रविवारी मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, सुरू होताना वेदीवरचा धर्मगुरू सगळ्यांसमोर छातीवर हात मारून ‘माझा अपराध’ म्हणतो. ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी म्हाताऱ्यांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे कपाळाला राख लावून घेतात. ‘एवढं तुम्ही लोक करता तरी काय?’ असं मला बऱ्याच जणांनी विचारलं आहे, आणि विचारणाऱ्यांच्या मनात कुचेष्टा नव्हती. त्यांना नीट उत्तर मिळायला हवं.

कृत्य आणि अवस्था

पाप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एखादं कृत्य येतं. खोटं बोलणं, चोरी, कुणाचा तळतळाट घेणं. त्याचा हिशोब ठेवता येतो आणि पुण्य करून तो फेडता येतो, असं आपण धरून चालतो. ख्रिस्ती विचारात कृत्यं आहेतच. दहा आज्ञा आहेत, आणि कॅथोलिक माणूस पापनिवेदनाला बसतो तेव्हा धर्मगुरूला एकेक कृत्य सांगतो. पण कृत्य हा वरचा थर झाला. त्याखाली एक अवस्था आहे. माणसाचं तोंड देवाकडून फिरलं आहे, आणि ते फिरल्यामुळे त्याचं स्वतःशी, शेजाऱ्याशी, सृष्टीशी असलेलं नातंही वाकडं झालं आहे.

पहिल्या शतकात पौल या ख्रिस्ती प्रेषिताने रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं. त्याच्या सातव्या अध्यायात तो स्वतःबद्दल काकुळतीने लिहितो की, जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही आणि जे करायचं नसतं तेच मी करून बसतो. आपण याला कळतं पण वळत नाही म्हणतो. पौलाला अडचण आहे ती या न वळण्याचीच. माणसाला चांगलं-वाईट कळतच नसतं, तर एखादा चांगला शिक्षक पुरला असता.

ऑगस्टीन यांनी हेच एका किरकोळ चोरीतून दाखवलं. त्यांचा जन्म ३५४ सालचा, उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते या गावचा. हे गाव आजच्या अल्जीरियात येतं. सोळा वर्षांचे असताना एका रात्री टोळक्याबरोबर जाऊन त्यांनी शेजारच्या मळ्यातलं नाशपातीचं झाड झोडपलं. फळं दिसायला बरी नव्हती, चवीलाही नव्हती. याहून चांगली फळं त्यांच्याकडेच होती. पोरांनी एखाददुसरं फळ चाखलं आणि ढीगभर फळं डुकरांपुढे टाकली.

पुढे बिशप झाल्यावर ऑगस्टीन यांनी आत्मकथनात या चोरीवर पानंच्या पानं खर्ची घातली. लोकांना याचं नवल वाटतं, कारण त्यांच्या आयुष्यात याहून कितीतरी गंभीर गोष्टी होत्या. एका स्त्रीबरोबर ते अनेक वर्षं राहिले, तिच्यापासून त्यांना मुलगा झाला, आणि मानाचं लग्न जुळायला लागल्यावर तिला आफ्रिकेत परत जावं लागलं. मग नाशपात्यांचं एवढं काय? एवढंच, की या चोरीला कसलंच निमित्त नव्हतं. भूक नव्हती, गरिबी नव्हती, मळेवाल्याशी वैर नव्हतं. फळ नको होतं, चोरीच हवी होती. आणि एकटा असतो तर केली नसती, हेही ते लिहून ठेवतात. जमावात शिरल्यावर भल्या घरचा मुलगा हातात दगड का घेतो, याचा याहून प्रामाणिक कबुलीजबाब मी तरी वाचलेला नाही.

यातून ऑगस्टीन ज्या निष्कर्षाला येतात तो ध्यानात ठेवला की पुढचं सोपं जातं. माणूस वाईटाचा बनलेला नाही. त्याच्या प्रेमाचा क्रम बिघडला आहे. मुलावरचं प्रेम चांगलंच. त्याच्या प्रवेशासाठी बाप दुसऱ्याच्या लेकराची जागा पळवायला निघतो तेव्हा चांगल्या प्रेमाने भलती जागा घेतलेली असते.

तान्ह्या बाळाने काय केलं?

सगळ्यात जास्त खटकणारा शब्द म्हणजे आदिपाप. पहिल्या माणसापासून साऱ्या मानवजातीकडे आलेली ती बिघडलेली अवस्था, असा त्याचा अर्थ. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात आदाम आणि हव्वा देवाने मना केलेलं फळ खातात. सापाने दाखवलेलं आमिष फळाच्या चवीचं नव्हतंच, ‘तुम्ही देवासारखे व्हाल’ हे होतं. त्यानंतर काय होतं ते बारकाईने वाचण्यासारखं आहे. दोघं लपून बसतात. देवाने विचारल्यावर आदाम म्हणतो, तू जी बाई मला दिलीस तिने दिलं म्हणून खाल्लं. एका वाक्यात बायकोही दोषी आणि देवही दोषी. बाई सापाकडे बोट दाखवते. पुढच्या अध्यायात त्यांचा एक मुलगा दुसऱ्याचा खून करतो. गोष्ट अक्षरशः घ्यायची की रूपक म्हणून, यावर चर्चेसमध्ये मतभेद आहेत. कॅथोलिक चर्च तिची भाषा रूपकाची मानतं, पण माणसाच्या आरंभी काहीतरी खरोखर घडलं यावर ठाम आहे. मला त्या वादापेक्षा ढकलाढकलीचा तो संवाद जास्त खरा वाटतो. तो आजही प्रत्येक घरात ऐकू येतो.

तरी प्रश्न उरतोच : आदामाने केलं त्याचं आज जन्मलेल्या बाळाशी काय देणंघेणं? समजा, एखाद्याच्या आजोबांनी जमीन गहाण टाकली. सातबाऱ्यावर बोजा चढला. नातू काही सावकाराच्या दारात गेला नव्हता, कागदावरचा अंगठा आजोबांचा. तरी तो ज्या घरात डोळे उघडतो त्या घराची जमीन मोकळी नाही. जे सुखाने त्याच्या वाट्याला यायचं ते येत नाही. आणि मोठा झाल्यावर तो स्वतःही उसनवारी करून त्या बोज्यात भर घालतो. पहिल्या भागात नातवाचा दोष नाही, दुसऱ्यात आहे. कॅथोलिक चर्चची आजची अधिकृत शिकवण जवळपास हेच सांगते. आदिपाप आपण करत नाही, ते आपल्याकडे येतं. तो कुणाचा वैयक्तिक गुन्हा नव्हे. जे मूळचं पावित्र्य मिळायला हवं होतं त्याची ती उणीव आहे.

ग्रीस, रशिया आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चेसनी याहून सौम्य भूमिका घेतली. आदामाकडून आपल्याला मरण आणि दुबळेपण मिळालं, त्याचा अपराध मिळालेला नाही, असं ते मानतात. ऑगस्टीन मात्र उलट्या टोकाला गेले. बाप्तिस्म्याविना, म्हणजे पाण्याने दिल्या जाणाऱ्या ख्रिस्ती दीक्षेविना, गेलेल्या तान्ह्या बाळालाही शिक्षा आहे, सर्वात हलकी असली तरी आहे, असं त्यांनी लिहिलं. इथे मला ते अजिबात पटत नाहीत. या एका वाक्यापायी किती आयांनी शतकानुशतकं कसल्या यातना भोगल्या असतील, याचा विचार करवत नाही. मध्ययुगात या बाळांसाठी दुःखरहित अशी वेगळी जागा कल्पिली गेली. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने हा प्रश्न पुन्हा हाती घेतला आणि अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत, असा निर्वाळा दिला. त्याला उशीर फार झाला.

मनावर घेतलं तर माणूस सुधारत नाही का?

इ. स. ४०० च्या सुमारास रोममध्ये पेलागियस नावाचे एक तपस्वी राहत होते. मूळचे ब्रिटनचे, चारित्र्याने स्वच्छ, शिस्तीचे कडक. रोममधले सुखवस्तू ख्रिस्ती कसेही वागतात आणि वर ‘माणूस दुबळाच’ म्हणून हात झटकतात, हे पाहून त्यांना चीड येई. अशात त्यांच्या कानावर ऑगस्टीन यांची एक प्रार्थना आली : देवा, तू जे सांगतोस ते करण्याचं बळ तूच दे, आणि मग हवं ते सांग. पेलागियस अस्वस्थ झाले. ही तर पळवाट! देव न्यायी आहे, तो अशक्य ते सांगणार नाही. त्याने आज्ञा दिली आहे त्याअर्थी ती पाळण्याची ताकद माणसात आहेच. आदामाने वाईट उदाहरण घालून दिलं, ख्रिस्ताने चांगलं. कुणाचं गिरवायचं ते आपण ठरवायचं.

मला वाटतं, आज आपण बहुतेक जण न कळत पेलागियस यांच्याच पक्षाचे असतो. ‘ठरवलं की जमतं’ हे वाक्य शाळेच्या भिंतीपासून मोबाइलवरच्या सुविचारापर्यंत सगळीकडे आहे, आणि त्यात तथ्य नाही असंही नाही.

ऑगस्टीन यांचं उत्तर पुस्तकी नव्हतं. तरुणपणी आपण ‘देवा, मला संयम दे, पण इतक्यात नको’ अशी प्रार्थना करत होतो, हे त्यांनीच सांगून ठेवलं आहे. इच्छाशक्ती वापर, असं सांगणं सोपं असतं. पण दुखणं इच्छाशक्तीलाच जडलं असेल तर? अर्ध्या मनाला सुटायचं आहे आणि अर्ध्या मनाला नाही. दारू सोडण्याच्या शपथा घेऊन मोडलेल्या माणसाला, त्याच्या बायकोला, हे समजावून सांगावं लागत नाही. अशा माणसाला पेलागियस यांच्याकडे देण्यासारखं काय आहे? आणखी एक उपदेश. आणि तो पुन्हा पडला की दोष त्याचाच, पूर्णपणे त्याचा.

इथे कृपा येते. देवाने माणसाची लायकी न पाहता आपणहून दिलेलं प्रेम आणि बळ, ती कृपा. ते बक्षीस नव्हे आणि मजुरीही नव्हे. येशूचा एक दाखला यावरच आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे एक दिनार ठरवून मजूर लावतो. मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला पुन्हा चौकात जातो आणि आणखी मजूर आणतो. सूर्य मावळल्यावर पाचला आलेल्यांनाही पूर्ण दिनार मिळतो आणि सकाळपासून उन्हात राबलेले चिडतात. त्यांचा राग अगदी समजण्यासारखा आहे. पण उशिरा आलेले दिवसभर रिकामे का उभे होते, याचं उत्तर त्यांनी मालकाला आधीच दिलेलं असतं : आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. मजूर अड्ड्यावर दुपार उलटेपर्यंत उभं राहिलेल्या माणसाला या उत्तरातली लाज माहीत असते. एका दिनारात घर चालतं, पाव दिनारात नाही, हे मालकाला कळतं.

४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियस यांची शिकवण अमान्य केली. ५२९ मध्ये फ्रान्समधल्या ऑरेंज इथल्या सभेने आणखी एक पाऊल टाकलं. देवाकडे वळावं ही पहिली इच्छासुद्धा कृपेनेच उगवते, असं ठरवताना, देव कुणालाही वाईटासाठी नेमून ठेवत नाही हेही तिने निक्षून सांगितलं. तरी एक गाठ सुटली नाही. सगळं कृपेनेच होत असेल, तर माणसाच्या स्वातंत्र्याला जागा कुठे? यावर येशूसंघीय आणि डॉमिनिकन या दोन संन्यासी संघांतले धर्मपंडित इतके भांडले की १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी, एकमेकांना पाखंडी म्हणू नका, एवढं बजावून वाद तिथेच थांबवला. निकाल आजतागायत लागलेला नाही, आणि तो लागला नाही यात मला कमीपणा वाटत नाही.

क्रूसाचा याच्याशी काय संबंध?

ख्रिस्ती माणसासाठी कृपा ही नुसती देवाची वृत्ती नाही. ती इतिहासात एका ठिकाणी घडली. पंतय पिलात हा रोमन सुभेदार असताना यरुशलेमाबाहेर येशूला क्रूसावर देण्यात आलं, आणि तो पुन्हा उठला, या श्रद्धेवर सगळं उभं आहे. त्या मरणाने माणूस नेमका कसा सुटतो, याची एकच सर्वमान्य व्याख्या कुठल्याही मोठ्या धर्मसभेने ठरवलेली नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. सुरुवातीच्या शतकांत भर होता मरण आणि सैतान यांच्यावरच्या विजयावर. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचे आर्चबिशप अन्सेल्म यांनी ऋणाची भाषा आणली : माणसाने फेडायला हवं पण त्याची ऐपत नाही, देवाची ऐपत आहे पण त्याचं देणं नाही, म्हणून देवच माणूस झाला. सातबाऱ्यावरचा बोजा त्या घरात जन्म घेऊनच कुणीतरी उतरवला, असं म्हणा. पुढच्या पिढीतल्या अबेलार्ड यांना हा हिशोब रुचला नाही. क्रूसावर देवाचं प्रेम किती आहे हे दिसलं आणि त्याने माणसाचं हृदय पालटतं, यावर त्यांचा जोर होता.

ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमधले दिवे मालवून एक मोठी मेणबत्ती पेटवतात आणि एक फार जुनं स्तोत्र गातात. त्यात आदामाच्या पापाला ‘सुदैवी अपराध’ म्हटलं आहे, कारण त्याच्यामुळे असा तारणारा लाभला. पापाच्या शिकवणीला खिन्नतेचा धर्म म्हणणाऱ्यांनी एकदा त्या रात्री यावं.

ल्यूथर यांचं भांडण

एरफुर्टच्या मठातले मार्टिन ल्यूथर हेही ऑगस्टीन यांच्याच संघातले. तासन्‌तास पापनिवेदन करूनही त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. काही सांगायचं राहिलं तर? पश्चात्ताप पुरेसा खरा नसेल तर? त्याच काळात पापांची उरलेली शिक्षा माफ करणारी दंडमाफीपत्रं पैसे घेऊन दिली जात होती आणि त्या पैशातून रोममध्ये सेंट पीटर्सचं बांधकाम चाललं होतं. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ल्यूथर यांनी त्याविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. पुढे त्यांच्या शिकवणीचा गाभा असा ठरला : देव माणसाला नीतिमान ठरवतो ते फुकट, केवळ श्रद्धेच्या आधारे. कमाई नाही, मोबदला नाही.

कॅथोलिक चर्चने १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेत उत्तर दिलं. त्यात कृपा पहिली हे मान्यच होतं. फरक पुढे होता. ल्यूथर यांच्या मते बोजा पुसला जातो आणि ख्रिस्ताची जमीन आपल्या नावे लागते, आपली माती मात्र आयुष्यभर तशीच खारवट राहते. ट्रेंटचं म्हणणं, बोजा उतरतो तशी मातीही खरोखर कसदार होऊ लागते, आणि नांगर आपल्यालाच धरायचा असतो. या फरकापायी युरोपात रक्त सांडलं. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे कॅथोलिक चर्च आणि जागतिक लुथरन महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. माणसाचं तारण कृपेने होतं, त्याच्या कर्तबगारीने नाही, आणि त्या कृपेतूनच त्याला सत्कृत्यांचं बळ मिळतं, असं दोघांनी एका सुरात म्हटलं. २००६ मध्ये मेथॉडिस्टही त्यात आले. इतकी वर्षं का लागली, याचं उत्तर पापाच्या शिकवणीतच सापडतं.

‘माणसाला पापी म्हणणं हेच पाप’

भारतीय वाचकाचा सर्वात सबळ आक्षेप स्वामी विवेकानंदांनी मांडला. शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत १९ सप्टेंबर १८९३ रोजी वाचलेल्या निबंधात ते म्हणाले की तुम्ही पृथ्वीवरचे देव आहात, माणसाला पापी म्हणणं हेच पाप आहे, मानवी स्वभावाची ती बदनामी आहे. हा आक्षेप हलक्यात घेता येत नाही. ‘तू नालायक’ असं ऐकत वाढलेलं मूल खुरटतं. आणि आपल्या देशात तर पिढ्यान्‌पिढ्या काही माणसांना जन्मावरूनच अपवित्र ठरवलं गेलं.

म्हणून दोन गोष्टी सांगायला हव्यात. बायबल पापापासून सुरू होत नाही. पहिल्याच अध्यायात माणूस देवाच्या प्रतिरूपात घडतो आणि देवाला सगळं फार चांगलं दिसतं. पतन तिसऱ्या अध्यायात येतं. जो उंचावर होता त्याच्याच बाबतीत पडला असं म्हणता येतं. दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. पौलाचं वाक्य आहे, ‘सर्वांनी पाप केले आहे’. या ‘सर्वांनी’तून कुणाची सुटका नाही, पोपची नाही, राजाची नाही, पुरोहिताची नाही. जन्माने शुद्ध अशी जात त्यात उरतच नाही. येशूच्या आणखी एका दाखल्यात मंदिरात दोघं जण प्रार्थनेला येतात. परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, आपल्या उपासांची आणि दानधर्माची यादी वाचतो आणि शेजारच्या, रोमनांसाठी कर गोळा करणाऱ्या जकातदारासारखा मी नाही म्हणून देवाचे आभार मानतो. जकातदार मान वर न करता दया मागतो, आणि देवापुढे नीतिमान ठरून तोच घरी जातो. जो कुणी हा सिद्धांत दुसऱ्याच्या अंगावर फेकण्यासाठी वापरतो, मग तो धर्मगुरू असो की प्रचारक, तो परूशाच्या जागी उभा असतो. असे लोक आमच्यात झाले आणि आजही आहेत.

सगळं माफ, मग चांगलं कशाला वागायचं?

हा प्रश्न पौलालाही विचारला गेला होता. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का? ‘कधीच नाही,’ असं तो तडकाफडकी उत्तर देतो. जर्मन पाळक डिट्रिश बोनहॉफर यांनी १९३७ मध्ये ‘स्वस्त कृपा’ असा शब्द वापरला : पश्चात्ताप नको, बदल नको, किंमत नको, फक्त क्षमा द्या. हिटलरला विरोध केल्याबद्दल ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फासावर चढवण्यात आलं. कॅथोलिक पापनिवेदनातही नुसतं सांगून मोकळं होता येत नाही. मनापासून पश्चात्ताप लागतो, पुन्हा न करण्याचा निश्चय लागतो, आणि चोरलं असेल तर ते परत करावं लागतं. जक्कय या जकातदाराकडे येशू उतरला तेव्हा त्याने ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देण्याचं कबूल केलं.

कृपेने माणूस एका रात्रीत बदलतो, हाही गैरसमज. ‘अमेझिंग ग्रेस’ हे जगभर गायलं जाणारं स्तोत्र लिहिणारे जॉन न्यूटन गुलामांच्या व्यापारातले खलाशी होते. १७४८ च्या एका वादळात त्यांनी देवाचा धावा केला, वाचले, श्रद्धाळू झाले. आणि त्यानंतरही १७५४ पर्यंत गुलामांची जहाजं चालवत राहिले! त्या व्यापाराविरुद्ध त्यांनी जाहीर पुस्तिका काढली ती १७८८ मध्ये. वादळानंतर तब्बल चाळीस वर्षांनी.

आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं काय? जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर इथे, कुष्ठरुग्णांमध्ये काम करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची फिलिप व टिमोथी ही दोन लहान मुलं यांना झोपेतच गाडीत जाळण्यात आलं. ग्रॅहम यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. खटला मात्र चालला, मुख्य आरोपीला जन्मठेप झाली. क्षमा वेगळी आणि गुन्ह्याचे परिणाम वेगळे, हा भेद त्यांनी कधी पुसू दिला नाही. हाच भेद चर्चने लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांत पुसला. अनेक देशांत दोषी धर्मगुरूंना पश्चात्ताप झाला म्हणून गुपचूप दुसऱ्या गावी पाठवलं गेलं, आणि तिथल्या मुलांना त्याची किंमत मोजावी लागली. याला कृपा म्हणणं मला देवाची निंदा वाटते.

हे मराठीला परकं आहे का?

हा विचार मराठीत यायला आज चारशेहून अधिक वर्षं झाली. थॉमस स्टीफन्स या इंग्लंडहून गोव्याला आलेल्या येशूसंघीय धर्मगुरूंनी आदामाच्या पतनापासून येशूच्या जीवनापर्यंतची सगळी कथा मराठी ओव्यांत रचली. ते ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. वारकरी कीर्तनात ‘पतितपावन’ ऐकत वाढलेल्या कानाला कृपेची हाक ओळखीचीच वाटते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक तर, आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी पोहोचलो, असं सांगत.

पण मला पंडिता रमाबाईंची वाट अधिक बोलकी वाटते. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या रमाबाईंनी पुढे लिहिलं की बाकी सगळ्या बाबतींत ग्रंथांत मतभेद सापडले, पण बाईची जात वाईट यावर मात्र एकमत होतं. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम इथलं आपलं काम दाखवलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायका तिथे राहत होत्या, आणि सुधारलेल्या बायका आता इतरांची सेवा करत होत्या. अशा बायकांना जवळ करणारे लोक रमाबाईंनी तोवर पाहिले नव्हते. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं. एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना कमी लेखत त्या जमातीतल्या, स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, आताही लग्नाविना कुणाबरोबर राहणारी ती बाई विहिरीवर पाण्याला येते, आणि येशू तिच्याकडेच पाणी मागतो.

त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. तरी आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षं गेली, असं त्यांनी नंतर नमूद केलं. अनेक जन्मांच्या पुण्यसंचयाची वाट न पाहता, आहे तसं, आहे तिथून देवाकडे जाता येतं, हे उमजल्यावर त्यांना सुटल्यासारखं झालं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि बायका केडगावला आणल्या. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये, फुलहॅमला पाहिलं होतं तशा बायकांसाठी त्यांनी एक स्वतंत्र घर काढलं आणि त्याला नाव दिलं कृपासदन.